बोरखुंटीचं शासकीय सांडपाणी

बोरखुंटी या गावात सांडपाणी नव्हतं. ही उणीव शासनाच्या लक्षात यायला स्वातंत्र्यानंतर तीस-एकतीस वर्षं लागली, पण एकदा लक्षात आल्यावर मात्र शासनानं ती मनावर घेतली.

सांडपाणी नव्हतं म्हणजे बोरखुंटीचे लोक आंघोळ करत नव्हते, असा अर्थ कोणी काढू नये. करत होते आणि नीट अंग चोळून करत होते. कळमेश्वरची सडक सोडून अडीच कोस आत गेलं की एकशेदहा घरांचं हे गाव लागतं. गोड्या पाण्याची विहीर सगळ्या गावात एक. होळी झाली की तिचा तळ दिसायला लागायचा आणि अक्षयतृतीयेला आत उतरून वाटीवाटीनं पाणी भरावं लागायचं. अशा गावात पाणी सांडायची हिंमत करतो कोण? तांदळाचं धुवण म्हशीला आणि न्हाणीतलं पाणी घरामागच्या धोप्याला. धोपा म्हणजे पुण्याकडची मंडळी ज्याला अळू म्हणतात तोच. प्रत्येक न्हाणीमागे धोप्याचा एक वाफा आणि वाफ्याच्या कडेला एखादी केळ. धोपा पाणी पिऊन टाकायचा, माणसं धोप्याच्या वड्या खायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आंघोळीला बसायची. गावात ना डबकं होतं, ना वास, ना मच्छर. हे आजेपणजांपासून चालत आलेलं असल्यामुळे त्याला कोणी योजना म्हणत नव्हतं, आणि योजना नसल्यामुळे त्याची कुठं नोंदही नव्हती.

सरपंच वामनराव डाखोरे यांना पाहिजे होती विहीर. त्याचं कारण त्यांची बायको गोपिका. गावची विहीर आटली की बाया कोसभर लांब जाऊन नदीच्या वाळूत झिरे उकरायच्या आणि त्यात झिरपलेलं पाणी पितळी गुंडांत भरून डोक्यावर आणायच्या. दोन वर्षांमागे वैशाखात असाच झिरा उकरताना काठची वाळू खचली आणि गोपिकाबाई भरल्या गुंडासकट आत गेल्या. बायांनी ओढून काढलं म्हणून वाचल्या, पण कंबर जी धरली ती धरलीच. त्या दिवशी वामनराव खाटेजवळ बसून बोलून गेले, "पुढच्या उन्हाळ्यात तुले झिऱ्यावर जाऊ देत नाई मी. विहीर आनतो गावात."

पुढचा उन्हाळा आला आणि गेला. कंबरेला फडकं बांधून गोपिकाबाई झिऱ्यावर गेल्या. त्यांनी नवऱ्याला शब्दाची आठवण दिली नाही, आणि वामनरावांना तेच जास्त लागलं. माणूस भोळा, सरळ आणि बायकोवर जीव असणारा. तो जीव चारचौघांत दाखवायची आपल्याकडे सोय नाही, म्हणून त्यांनी तो अर्जात घातला. चांगल्या अक्षरात, तीन प्रतींत, "पिण्याच्या पाण्याची दुसरी विहीर मिळणेबाबत" असा अर्ज लिहून ते नागपूरला ग्रामीण जलोद्धार मंडळाच्या कचेरीत जाऊन बसले.

तिथले उपअभियंता मनोहरराव केदार. गृहस्थ चांगला होता. या कथेत वाईट माणूस एकही नाही, हे वाचकांनी इथंच लक्षात घ्यावं, म्हणजे पुढे शोधत बसायला नको. मनोहररावांनी वामनरावांना चहा पाजला, अर्ज पूर्ण वाचला (ही गोष्ट कचेरीत बरेच दिवस बोलली जात होती) आणि मन मोकळं केलं. पिण्याच्या पाण्याचं शीर्ष, म्हणजे त्या कामाचा मंजूर पैसा, डिसेंबरातच रिकामं झालं होतं. सांडपाण्याच्या शीर्षाला मात्र अजून कोणी हात लावला नव्हता, आणि मार्च अगदी दारात उभा होता.

"पन आमी प्याचं पानी मांगून राहिलो जी साहेब," वामनराव म्हणाले.

"सरपंच, पाणी ते पाणीच. तुम्ही सध्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्र घ्या. ते एक वर्षभर, एकही दिवस न चुकता, पूर्ण क्षमतेनं चाललं की दुसऱ्या टप्प्यात गावाला विहीर मिळते. तसा नियमच आहे."

मनोहररावांनी नियम काढून दाखवला. खरंच तसा होता. येताना एसटीत वामनरावांनी हिशेब केला. नाहीतरी दोन वर्षं गेलीच आहेत, त्यात आणखी एक जाईल. घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं की विहीर मंजूर झाल्यातच जमा आहे, फक्त आधी एक केंद्र करावं लागेल. केंद्र म्हणजे काय, असं गोपिकाबाईंनी विचारलं. ते वामनरावांनाही नीट माहीत नव्हतं.

दोन महिन्यांत गावाबाहेर आखरावर, जिथं सकाळी गायी जमायच्या त्या जागी, सिमेंटचे तीन मोठे हौद उभे राहिले. हौदांना लोखंडी कठडे, कठड्यांना निळा रंग, एक मोठं चाक आणि चाकापेक्षा मोठा बोर्ड. गावचा कोतवाल रुपराव याला केंद्रचालक म्हणून खाकी सदरा मिळाला. उद्घाटनाला पाहुण्यांनी चाक फिरवलं तेव्हा नळातून एक सरडा बाहेर आला, इकडेतिकडे पाहून पुन्हा आत गेला, आणि मंडपात टाळ्या पडल्या.

केंद्राची क्षमता होती दिवसाला चाळीस हजार लिटर. रजिस्टरात दोन रकाने होते, आवक आणि जावक. रुपराव इमानदार माणूस. तो रोज कठड्याला टेकून हौदात डोकावायचा आणि दोन्ही रकान्यांत "निरंक" लिहायचा. खाली वामनराव सही करायचे. तीन महिने असे सुखाचे गेले. मग मंडळाचं पत्र आलं: "सदर केंद्राची आवक सलग नव्वद दिवस निरंक आढळून येते. गावाने सांडपाणी का निर्माण केले नाही, याचा खुलासा सात दिवसांचे आत सादर करावा."

वामनरावांनी खरा खुलासा पाठवला. आमच्या गावात पाणी कमी, जे उरतं ते धोपा पिऊन टाकतो. या खुलाशातला दुसरा भाग मंडळानं गंभीरपणे घेतला. पंधरा दिवसांनी मनोहरराव स्वतः जीप घेऊन आले, एकेका घरामागे फिरले, वाफे मोजले, आणि शेवटी जयवंताबाईच्या वाफ्यापाशी थांबले. जयवंताबाई एकटी बाई. तिचा वाफा गावात सगळ्यांत मोठा, शेजारच्या चार घरांच्या न्हाण्यांचं पाणी तिनं गोडीगुलाबीनं आपल्याकडे वळवून घेतलेलं. त्याच धोप्याची पानं कळमेश्वरच्या बाजारात विकून तिचं पोट चालायचं. मनोहररावांनी वहीत टिपून घेतलं: शासकीय सांडपाण्याचा अनधिकृत खाजगी वापर, पाच घरे.

"माह्या न्हानीतलं पानी सरकारचं कधीपासून झालं जी?" जयवंताबाईनं विचारलं.

"केंद्राचं उद्घाटन झालं त्या तारखेपासून," मनोहररावांनी समजावून सांगितलं. त्यांच्या बोलण्यात राग अजिबात नव्हता.

धोपा काढण्याचा आदेश निघाला. सरपंचांनी उदाहरण घालून द्यावं म्हणून वामनरावांनी पहिला विळा आपल्याच वाफ्यात घातला. गोपिकाबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. पडलेली पानं त्यांनी गोळा केली आणि संध्याकाळी वड्या केल्या. दुसऱ्या दिवशी जयवंताबाईचा वाफा गेला. तिनं हाक ना बोंब, काही केलं नाही. आपल्या हातानं कंद उपटून बांधावर ओळीनं ठेवले आणि म्हणाली, "विहीर होऊन राहिली न गा वामनराव, मंग जाऊ दे. विहीर झाली का पुन्हा लावीन."

सगळं गाव आता त्या विहिरीकडे डोळे लावून बसलं होतं. घराघरासमोर सिमेंटच्या नाल्या झाल्या, पण त्यांत सोडलेलं पाणी चार घरंसुद्धा पुढे जाईना, ऊनच पिऊन टाकी. आता उन्हाला खुलासा मागण्याचं शीर्ष मंडळाकडे नव्हतं. तेव्हा पंचायतीनं ठराव केला आणि रुपरावनं खाकी सदरा घालून डफडं वाजवत गावाला कळवलं की दर माणशी रोज एक बादली सांडपाणी ज्यानं त्यानं केंद्रावर आणून टाकावं.

झालं. बाया सकाळी विहिरीचं पाणी घरी आणायच्या आणि दुपारी घरचं पाणी केंद्रावर न्यायच्या. तरी घोटाळा राहिलाच. ज्या गावात माणूस अर्ध्या बादलीत आंघोळ उरकतो, तिथं त्यानं पूर्ण बादली सांडपाणी आणायचं कुठून? बोरखुंटीचे लोक कायद्याला फार मानणारे. त्यांनी उरलेली अर्धी बादली विहिरीवरून थेट भरून केंद्रावर ओतायला सुरुवात केली. चार-सहा दिवसांत काही हुशार मंडळींच्या ध्यानात आलं की पूर्ण बादलीच विहिरीवरून नेली तर घरात न्यायची आणि आणायची दोन्ही मेहनत वाचते.

मंडळानं पाण्याचा नमुना तपासायला नेला. अहवाल असा आला: "केंद्रात येणारे पाणी पिण्यायोग्य आढळून आले. ही बाब अत्यंत गंभीर असून पिण्यायोग्य पाण्याचे शुद्धीकरण करणे हा शासकीय यंत्रणेचा अपव्यय आहे. पाण्याची प्रत तातडीने खालावून अनुपालन अहवाल सादर करावा."

ग्रामसभा भरली. वामनरावांनी अहवाल वाचून दाखवला तेव्हा म्हातारे लोक एकमेकांकडे पाहत राहिले, कारण पाणी घाण करा असं सांगणारं पत्र त्यांच्या हयातीत पहिल्यांदाच आलं होतं. शेवटी मलिनीकरण समिती नेमली गेली. वाफा गेल्यामुळे जयवंताबाई मोकळीच होती, म्हणून तिला अध्यक्ष केलं. ती रोज विहिरीच्या पाळीवर शेणाचं टोपलं घेऊन बसायची. कोणीही बादली भरली की तीत शेण दोन मुठी, राख एक मूठ. मग ती बादली डोक्यावरून आखरावर. तिकडे रुपराव चाक फिरवायचा, आणि तिसऱ्या हौदातून बऱ्यापैकी नितळ पाणी नाल्यात वाहून जायचं. ते वापरायला मनाई होती, उपयोगिता प्रमाणपत्र यायचं होतं. नमुना पास झाला. मंडळानं अभिनंदनाचं पत्र पाठवलं, आणि विहिरीचा तळ त्या वर्षी होळीऐवजी दिवाळीलाच दिसला.

तेव्हा मात्र वामनराव घाबरले. त्यांनी बादल्या त्या दिवशीच बंद केल्या. मग केंद्र कसं चालवायचं? एक दिवस जरी आवक कमी पडली तरी वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजायचं, असा नियम. वामनरावांनी रुपरावकडून रजिस्टर घरी मागवलं आणि आवक या रकान्यात स्वतःच्या हातानं चाळीस हजार लिटर लिहिलं. जावक, चाळीस हजार लिटर. खाली सही. पहिल्या दिवशी त्यांना एवढं लिहायला तासभर लागला. आठव्या दिवशी पाच मिनिटं पुरली. महिन्याभरात त्यांना त्या आकड्यात थोडं कमीजास्त करायचीही कला आली, म्हणजे मोजल्यासारखं वाटावं: एकोणचाळीस हजार नऊशे, चाळीस हजार वीस. नाल्या कोरड्या, हौद कोरडे, वाफे ओसाड. जयवंताबाईनं आता तरी धोपा लावू का विचारलं, तर वामनरावांनी हात जोडून नाही म्हटलं. धोपा दिसला तर पाणी केंद्रावर येत नाही, हे उघड झालं असतं. कंद बांधावरच वाळले.

रोज संध्याकाळी रजिस्टर मिटलं की गोपिकाबाई विचारायच्या, "किती दिस राहिले जी?" वामनराव आकडा सांगायचे. दोनशे दहा, एकशे साठ, नव्वद. उन्हाळा आला तसे रोजचे कोसभर फेरे सुरू झाले. गोपिकाबाई कंबरेवर हात ठेवून दोन गुंड घेऊन परत यायच्या, तेव्हा वामनराव ओसरीवर बसून चाळीस हजार लिटर लिहीत असायचे. बायको समोरून आली की ते रजिस्टरावर उपरणं टाकत. कशाची लाज वाटते, हे त्यांना नीट सांगता आलं नसतं, पण वाटत होती. एकच समाधान होतं, की हा झिऱ्याचा शेवटचा उन्हाळा.

वर्ष भरलं. बोरखुंटीला "आदर्श सांडपाणी ग्राम" म्हणून ढाल मिळाली, सरपंचांच्या गळ्यात हार पडला, आणि त्याच हारासकट वामनरावांनी मनोहररावांच्या हाती विहिरीचा अर्ज दिला. पुढचे पाच महिने अर्ज टेबलं बदलत होता. उत्तर आलं ते फाल्गुनात. "ज्या गावातून दररोज चाळीस हजार लिटर सांडपाणी निघते, त्या गावात पिण्याच्या पाण्याची टंचाई असणे तांत्रिकदृष्ट्या संभवत नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे."

वामनराव दुसऱ्याच दिवशी नागपूरला गेले. मनोहररावांनी पुन्हा चहा मागवला. मग वर्ष भरल्यावर मंडळात जमा झालेलं रजिस्टर समोर ठेवून पान उघडलं.

"सही तुमचीच ना?"

"हाव जी."

"हे सगळं खोटं आहे असं लिहून देता का? देत असाल तर विहिरीचा विचार करता येईल. फक्त केंद्र बंद पडेल, रुपरावची नोकरी जाईल, आणि शासकीय कागदात खोटी नोंद केली म्हणून तुमच्यावर खटला होईल."

"तुमाले त मालूम होतं न साहेब. तुमी सोता विहीर पाह्यली आमची."

"मला काय माहीत आहे ते फाईलवर नसतं, सरपंच," मनोहरराव म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. त्यांनी चहाचे पैसे वामनरावांना देऊ दिले नाहीत.

घरी वामनरावांनी काही सांगितलं नाही. मग वैशाखात एके दिवशी भर दुपारी मंडळाचा टँकर धुरळा उडवत गावात शिरला. बोरखुंटीत टँकर कधी आला नव्हता. बाया घराघरातून गुंड, घागरी, बादल्या घेऊन धावल्या. वामनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे मनोहररावांनी काहीतरी केलं तर. ते गोपिकाबाईंना हाक मारून म्हणाले, "आलं वं पानी. चाल, बाहीर ये."

टँकर विहिरीपाशी थांबला. ड्रायव्हर उतरला, मागचा जाड पाइप काढला आणि विहिरीत सोडला. बाया वाट पाहत उभ्या होत्या. पाइपातून विहिरीत काही पडेना. उलट इंजिन घरघरलं आणि तळाशी जे वाटीवाटीनं भरायचं पाणी होतं, ते गाळासकट वर चढायला लागलं.

वामनराव धावत गेले. ड्रायव्हरनं त्यांना कागद दाखवला. अतिरिक्त पाणी असलेल्या गावातून टंचाईग्रस्त गावांना पुरवठा. आजूबाजूच्या नऊ गावांसाठी पाण्याचं ठिकाण, बोरखुंटी. ड्रायव्हर विहिरीत डोकावून स्वतःच गोंधळला होता. "कागदावर त भरपूर दिसून राहिलं भाऊ," तो म्हणाला आणि इंजिन बंद केलं. पण तोवर तळ उघडा पडला होता.

गोपिकाबाई पाळीपाशी आल्या. त्यांनी आत पाहिलं, टँकरकडे पाहिलं, आणि नवऱ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

"रोज सही करून राहिले होते न जी तुमी. त्या सहीतलं पानी घेऊन जा म्हना त्याईले."

मग त्यांनी दोन्ही गुंड उचलले, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि नदीची वाट धरली. मागोमाग जयवंताबाई, आणि तिच्या मागोमाग बाकीच्या बाया. वामनराव मधोमध उभे होते. कोणी त्यांना शिव्याही दिल्या नाहीत.

बोरखुंटीचं केंद्र अजून चालू आहे. आवक रोज चाळीस हजार. ती थांबवता येत नाही, कारण थांबली तर इतकी वर्षं चालू कशी होती, हा प्रश्न निघेल. निळे कठडे दरवर्षी रंगवले जातात आणि नागपूरहून अभ्याससहली येतात. शिकलेली, स्वच्छतेची आवड असलेली, वाचनबिचन करणारी मंडळी. ती कोरड्या हौदांच्या कडेनं फिरतात, आज देखभालीसाठी हौद रिकामे ठेवले आहेत हे रुपरावचं पाठ केलेलं वाक्य ऐकून मान डोलावतात, खेड्यातल्या लोकांच्या शिस्तीचं कौतुक करतात. उन्हाचा कोणाला त्रास नको म्हणून मग त्यांना सरपंचांच्या ओसरीवर बसवतात.

तुम्हीही आला होता. आठवत नसेल, दुपारची वेळ होती आणि तुम्हाला परतायची घाई होती. कंबरेत वाकलेल्या एका बाईनं तुमच्या हातात पाण्याचा गडवा दिला. तो कोसभर लांबून आला होता, पण ते तुम्हाला कोणी सांगितलं नाही. तुम्ही दोन घोट प्यालात, एक चूळ भरली आणि उरलेलं पाणी समोरच्या नालीत ओतून गडवा परत दिलात. ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्यानं तेव्हा रजिस्टर उघडलं आणि आवक या रकान्यात, त्या दिवसाच्या चाळीस हजारांच्या शेजारी, बारीक अक्षरात लिहिलं: अर्धा गडवा.

सगळ्या रजिस्टरात तेवढीच एक नोंद खरी आहे.